आमच्या आठवीचे ज्ञानतंतू

खडूची भुकटी रोज झाडली तरी खिडकीत साचतेच. आमच्या आठवीच्या खोलीत किस्सेही तसेच साचतात. आम्ही मुली सातच आहोत. पण शरीरशास्त्रातला ज्ञानतंतूंचा धडा सुरू झाला आणि एकेक असं घडायला लागलं, की ते लिहून ठेवायला मी वहीच केली. मला सगळं समजलं म्हणून मी हे सांगतेय असं मात्र समजू नका. धडा जितका पुढं गेला, तितका माझा गोंधळ वाढला!

धडा शिकवतात हमीद मास्तर. जिंतूरच्या ह्याच शाळेत निजामीच्या काळात ते उर्दूतून शिकवायचे. आता शाळा मराठी झाली, म्हणून घरी बसून अख्खा धडा मराठीत लिहून आणतात. कागद हातात धरून वाचतात आणि अडले की मान वर करून म्हणतात, "बेटा, मतलब समजून घ्या."

पहिला किस्सा माझाच आहे, तो लवकर सांगून मोकळी होते.

हजेरीला माझं नाव आलं की माझा घसा बंद होतो. ओठ हलतात, आवाज येत नाही. शेजारची शांता माझ्या वतीनं "हजर" म्हणते. ती मामाच्या गावी गेली, तेव्हा मी रोज पहिल्या रांगेत बसूनही रजिस्टरात गैरहजर! एक दिवस मास्तरांनी रजिस्टरातून डोकं वर काढलं. माझ्याकडं बघितलं, परत रजिस्टरात बघितलं आणि म्हणाले, "बेटा, तब्येत बरी झाली का?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

* * *

गुडघ्याखाली हलकेच ठोकलं तर पाय आपोआप उडतो. मेंदूला विचारत नाही, पाठीच्या कण्यातूनच हुकूम सुटतो. हे करून बघायचं ठरलं. आम्ही बसतो तरटपट्टीवर, आणि पाय तर लोंबकळता पाहिजे. म्हणून शांताला मास्तरांच्या टेबलावर बसवलं. ठोकायचं काम गयाकडं आलं. मुलींच्या गुडघ्यांकडं बघायला नको म्हणून मास्तर खिडकीकडं तोंड करून उभे राहिले आणि तिथूनच सूचना वाचायला लागले.

गया घरी रोज मोगरीनं कपडे बडवते. तिनं लाकडी पट्टी त्याच जोरात हाणली!

"आई गं!" आणि लगेच फाडकन आवाज.

"पाय उडाला का?" मास्तरांनी खिडकीकडं तोंड ठेवूनच विचारलं.

"मास्तर, शांतीनं माझ्या थोबाडात मारली!"

"रागावू नको, बेटा. ही पण आपोआप होणारी क्रिया असेल. मेंदूला खबर नसते."

"न्हाई मास्तर," शांता गुडघा चोळत म्हणाली, "ही मेंदूला विचारून मारली!"

* * *

पुढच्या दिवशी चटक्याचं उदाहरण आलं. तापल्या वस्तूला हात लागला की मेंदूला कळायच्या आत हात मागं येतो. सगळ्यांचा येतो, असं पुस्तकात लिहिलंय.

गया उभी राहिली. "मास्तर, माझी माय तव्यावरची भाकर बोटानं फिरवते. फुगली की हातानंच उचलते. तिचा हात काही मागं येत न्हाई. तिचे ज्ञानतंतू तुटलेत का?"

गयाचा चेहरा खरंच काळजीनं उतरला होता. मास्तरांनी कागद उलटसुलट करून बघितले. त्यात भाकरीचं काहीच नव्हतं. "मी घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गयानं आठवण केली. मास्तर जरा खाली बघत म्हणाले, "आमच्या घरी पण तसंच करतात. मी विचारलं, हात मागं का येत नाही? तर म्हणाली, मागं घ्यायला फुरसत कुठाय?"

* * *

भीतीचा भाग मी सगळ्यात लक्ष देऊन ऐकला. भीती वाटली की छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, हातपाय गार होतात. शरीर एक तर लढायला तयार होतं, नाही तर पळायला.

आता ह्यात आमचा प्रश्न असा, की बाजारच्या दिवशी एक बैल दावं तोडून आमच्या अंगावर आला, तेव्हा गया पळाली, पण शांता रस्त्यात मटकन खालीच बसली! लढली नाही, पळालीही नाही. बैल बाजूनं निघून गेला.

"मास्तर, मग मी कशात बसते?" शांतानं विचारलं.

मास्तरांनी धडा परत वाचला. "किताबात दोनच आहेत, बेटा. बसण्याचं दिलेलं नाही."

मला मात्र त्या दिवशी झोप नाही आली. मीसुद्धा किताबात नाही, हे मला कळलं होतं.

* * *

शांताच्या बहिणीच्या लग्नात दुसराच घोळ झाला. पाठवणीला सगळ्या बायका धाय मोकलून रडल्या. गाडी वेशीबाहेर गेली आणि त्याच बायका डोळे पुसून वरमाईच्या लुगड्यावर बोलायला लागल्या. मला कळेना, वाईट वाटलं म्हणून रडू आलं, की रडू आलं म्हणून वाईट वाटलं? मास्तर म्हणाले होते की ह्यावर मोठमोठे लोक भांडतात.

मी शांताच्या कानात सांगितलं, शांतानं तिच्या काकूला विचारलं, "काकू, आधी काय येतं गं? रडू का दुःख?"

काकू म्हणाली, "आधी बैलगाडी येते!"

* * *

एकदा हेडमास्तर न सांगता वर्गात येऊन मागं उभे राहिले. हमीद मास्तरांच्या कपाळावर घाम आला आणि सगळं मराठी पळालं. शेवटची दहा मिनिटं त्यांनी उर्दूत शिकवलं. हेडमास्तर गेल्यावर त्यांनी रुमालानं तोंड पुसलं.

"बघितलं ना?" ते म्हणाले. "आजचा धडा ह्यालाच म्हणतात."

* * *

आता इन्स्पेक्टर बाईंचा किस्सा.

मुलींसाठी नववी उघडायची की नाही, हे ठरवायला परभणीहून इन्स्पेक्टर बाई येणार होत्या. माझे वडील चारठाण्याला शेती करतात, मी इथं मावशीकडं राहते. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "नववी निघाली तर शिक. न्हाई निघाली तर घरी ये, स्थळ बघायलोय." म्हणून मी सगळा धडा पाठ केला. आडातून पाणी शेंदताना म्हटला, भांडी घासताना म्हटला. एकटी असले की आवाजही छान निघायचा!

बाई आल्या. पांढरं पातळ, हातात घड्याळ. हेडमास्तर दारात, हमीद मास्तर फळ्याजवळ. बाईंनी सातही जणींवरून नजर फिरवली आणि बोट माझ्याकडं केलं.

"तू सांग. भीती वाटते तेव्हा शरीरात काय काय होतं?"

मी उभी राहिले. उत्तर सगळं येत होतं. पहिलं वाक्यसुद्धा डोळ्यांपुढं दिसत होतं. पण जीभ टाळूला चिकटली. शांता खालून चिमटे काढत होती, "बोल की गं, बोल!" हमीद मास्तरांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. हेडमास्तरांनी खाकरून घसा साफ केला. बाई थांबल्या होत्या.

आणि माझा उजवा हात पुढं गेला. हकिमापुढं करतात तसा, मनगट वर करून. मी केला की कण्यानं केला, ते मला अजून सांगता येत नाही.

बाईंनी हाताकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. त्यांनी माझं मनगट धरलं, दुसरा हात वळवून घड्याळ बघितलं आणि मोजायला लागल्या. पूर्ण एक मिनिट नाडीचे ठोके मोजले. मग त्यांनी हात सोडला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"उत्तर बरोबर आहे. खाली बस."

आणि दाराकडं वळून म्हणाल्या, "हेडमास्तर, नववीला खोली कुठली देणार?"