राखेतले वाल

आज सकाळी पुंडलिकनगरच्या घरात बियाण्याचा डबा उघडला आणि राखेचा कोरडा वास मला थेट मुकुंदवाडीच्या पत्र्याच्या खोलीत घेऊन गेला.

दुष्काळात पैठणजवळच्या आमच्या गावची विहीर आटली, तेव्हा आई मूठभर वाल पदराला बांधून शहरात आली होती. एका दुपारी, कीड लागू नये म्हणून, ती ते राखेत घोळत बसली होती. गाइड व्हायचं म्हणून मी परदेशी भाषांच्या क्लासला जायचे.

"क्लास सोडते," मी म्हणाले. "टँकरला कोण थांबणार?"

तिनं मान वर केली नाही. "आज काय शिकवलं?"

"बाकल्याची नावं. आपल्या वालासारखाच असतो, पण जाड. फ्रेंचमध्ये फेव्ह, इटालियनमध्ये फावा, जर्मनमध्ये आकरबोने, स्पॅनिशमध्ये आबा."

"आबा?" ती खुदकन हसली. "लई मुलखांत पेरतेत की! म्हंजे तिथल्या बायाबी असंच बी जपत असतील." मग हात झटकून म्हणाली, "टँकरला मी थांबते. तू नावं ध्यानात ठिव, बी मी ठिवते."

तेव्हा तो मला नुसता हट्ट वाटला होता.

आज गच्चीवरच्या कुंडीत तेच वाल लावताना मी चारही नावं मोठ्यानं म्हटली. आता दोन्ही कामं माझ्याकडं आहेत.