खडक पडणार नव्हता

बीडकडच्या कौशल्याबाई नवऱ्यापाठोपाठ पुण्याजवळच्या भोसरीला आल्या आणि दिघी रस्त्याच्या पत्र्याच्या चाळीत राहिल्या. नवरा ज्योतीराम कंपनीत हेल्पर होता. अडुसष्टच्या उन्हाळ्यात त्यांची तान्ही कस्तुरा गोवरानं गेली. तिला चाळीमागच्या माळावर पुरलं. बाई रडल्या नाहीत. पाणी भरायच्या, भाकरी थापायच्या आणि उरलेला वेळ भिंतीला टेकून बसायच्या.

जूनमध्ये बातमी पसरली. इकारस नावाचा भलामोठा खडक आकाशातून येतोय, सगळं भस्म होणार. मरायचंच तर आपल्या माणसांत, असं म्हणत बिऱ्हाडं गावाकडं निघाली. ज्योतीरामनंही ट्रंक काढली.

"तुम्ही जा," बाई म्हणाल्या. "मी पोरीला सोडून येत नाही."

मग तोही गेला नाही. त्या दिवसापासून बाईंचा चेहरा निवळला. त्यांनी खोली झाडून काढली, उसनी आणलेली परात परत केली. ज्योतीरामला बरं वाटलं. शेजारच्या भिमाबाईंना मात्र धास्ती वाटली.

भिमाबाई मूळच्या चिखलीच्या, बौद्ध घरातल्या, वाचायला शिकलेल्या. त्या पेपर घेऊन आल्या. कोळशानं फरशीवर सूर्य काढला, त्याभोवती पृथ्वीची गोल वाट आणि खडकाची लांबट.

"ह्यो असा फिरतुया. सूर्याच्या पार जवळ जातो, मग वळून मंगळाच्या पल्याड. आता आपल्या जवळनं जाणार, पण जवळ म्हंजी चंद्राच्या सोळापट लांबनं. पडणार न्हाई, कौशल्ये."

"नक्की?"

"व्हय, नक्की."

कौशल्याबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला दिवस गेलेत, आक्का. वाटलं होतं, आता हे पुन्हा सोसायला लागणार नाही."

भिमाबाई संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिल्या.

शिफ्टवरून आलेल्या ज्योतीरामला कौशल्याबाईंनीच सगळं सांगितलं. तो ट्रंकेवर टेकला. मग हळूच म्हणाला, "उद्या दवाखान्यात जाऊ."

खडक लांबूनच निघून गेला. गेलेली बिऱ्हाडं परतली. थंडीत सयाजी झाला. त्याचं अंग जरा तापलं तरी बाईंच्या घशाखाली घास उतरत नसे.

पुढं त्यांनी शिफ्टवाल्या पोरांसाठी खानावळ काढली. ती ऐंशी सालानंतरही चालू होती. बाई फारशा हसत नसत. पण जेवता जेवता कुणी सहज म्हणालं, जीव नकोसा झालाय, तर त्या हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघत आणि बाकीचे उठून गेले तरी त्याला बसवून घेत.