लॅमिनेट केलेली चिठ्ठी

काका चिठ्ठी कधी हातात द्यायचे नाहीत. काउंटरच्या काचेवर ती धरायची, खालच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं गोळीच्या नावावर टकटक करायचं. "लिहिलंय तसं दे." मी हात पुढे केला की म्हणायचे, "लांबून वाच ना. डाग पडतात."

डाग पडायची सोयच नव्हती. डॉक्टरांनी लिहून दिली त्याच आठवड्यात काकांनी ती चिठ्ठी लॅमिनेट करून आणली होती. औषधाच्या दुकानात बसून मी वरणाचे डाग पडलेल्या, लहान मुलांनी चित्रं काढलेल्या, घामानं विरघळलेल्या चिठ्ठ्या पाहिल्यात. प्लास्टिकमध्ये घातलेली ही एकच.

असा एखादा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असेल. काका भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथे मालाच्या पावत्यांना तेल लागायचं, अक्षर पुसायचं आणि मेमो काकांना मिळायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याचा सूड उगवला. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक, नातीचं पहिलीचं प्रगतिपुस्तक, जे हाती लागेल ते प्लास्टिकमध्ये. "एकदा पक्कं केलं की डोक्याला ताप नाही," म्हणायचे. काकू म्हणायच्या, "मी हळूच बाजूला सरकते. नाहीतर मलाही घालतील."

त्यांचा आजार पायांचा, पण पाय दुखत नसत. संध्याकाळी बसलं की पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायला लागायचं आणि उठून चालल्याशिवाय थांबायचं नाही. "सोड्याची बाटली हलवून कुणीतरी पोटरीत ठेवलीय बघ." लोक हसायचे. हसण्यासारखं वाटतं खरं, पण काकांना नेमकं संध्याकाळीच बसायचं असायचं. कांजूरला माझ्या दुकानासमोर बुद्धविहार आहे. तिथे पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि वाचायचे काका. मांडी घालून, ताठ पाठीनं, तासभर. मी कोकणातला, गणपतीवाला, पण गिऱ्हाईकाला सुटे पैसे देता देता त्यांचा आवाज कानावर पडला की बरं वाटायचं. पाय असे वागायला लागले तेव्हा त्यांना भीती एकच होती, की वाचन सुटेल.

गोळीनं ते वाचवलं. रोज संध्याकाळी एक. त्या वर्षी काका एकदाही उठले नाहीत. समारोपाच्या दिवशी मला खिरीचा डबा आणून दिला. "झकास काम झालं रे."

नियम असा, की गोळी दिली की चिठ्ठीवर दुकानाचा शिक्का मारायचा. प्लास्टिकवर शाई धरत नाही. मी शिक्का मारायचो आणि काका लगेच रुमालानं पुसायचे. चिठ्ठी लिहिणारे मुलुंडचे डॉक्टर पुढे दवाखाना बंद करून मुलाकडे परदेशी गेले. "डॉक्टर गेले, चिठ्ठी आहे ना," काका म्हणाले, आणि मी पुन्हा गोळ्यांची पट्टी काढून दिली. अशी सात वर्षं. नाही म्हणालो असतो तर ते पलीकडच्या दुकानात गेले असते, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

मग महिन्याची पट्टी वीस दिवसांत संपायला लागली. वळवळ आधी जेवणानंतर यायची, ती पाच वाजता यायला लागली, मग भर दुपारी. पुढे हातांतही आली. काउंटरपाशी उभे राहूनही ते एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचे.

"काका, चिठ्ठीवर एक लिहिलीय. तुम्ही किती घेता?"

"एकानं भागत नाही आता."

"मग लिहिलंय तसं कुठे राहिलं?"

त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि तडक रस्ता ओलांडून पलीकडच्या दुकानात गेले. तिथे त्यांना पट्टी मिळाली. मला त्यांचा राग आला, त्या दुकानदाराचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा मलाच आला, कारण सात वर्षं मी तेच केलं होतं.

त्याच आठवड्यात काकू दुकानात आल्या. "काल वाचताना तीनदा उठले. चौथ्यांदा पुस्तक मिटून दुसऱ्याच्या हातात दिलं."

आम्ही दोघांनी त्यांना मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण बाई होत्या, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींच्या बाबतीत तीच त्रास वाढवते, लवकर आणते, हातांपर्यंत पसरवते. डोस वाढवला की आणखी वाढवते. एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची, दुसरं औषध द्यायचं, रक्तातलं लोह तपासायचं. मधले काही आठवडे कठीण जातील. नवा डोस लिहायला त्यांनी सवयीनं काकांचीच चिठ्ठी ओढली. पेन प्लास्टिकवरून घसरलं.

"एक दिवस चुकवली नाही मी," काका म्हणाले. "शिस्तीत घेतली. त्याचं हे फळ?"

बाईंनी कोरा कागद घेतला.

ते आठवडे खरोखर वाईट गेले. काका दुपारी यायचे. "आजच्यापुरती एक दे रे." मी नाही म्हणायचो. मग आठ दिवस फिरकायचे नाहीत. शेवटी मुलगी त्यांना नाशिकला घेऊन गेली. जाताना रिक्षा दुकानापुढे थांबवली आणि आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे असली तर मी कुठूनही आणीन."

रिक्षा गेल्यावर मी ती नीट पाहिली. सात वर्षांत एक शिक्का नाही. जणू मी त्यांना कधी गोळी दिलीच नव्हती. आणि जिथे त्यांचा अंगठा असायचा तिथे डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ होती. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवणे.

यंदा विहारात दुसरं कुणी वाचतं. चांगलं वाचतं. परवा न राहवून मी नाशिकला फोन केला आणि त्या ओळीचं विचारलं.

"वाचली होती ना मी. म्हणून तर अंगठा. बरं वाटत होतं, कशाला दाखवायचं? आणि तू वाचली असतीस तर गोळी दिली असतीस काय?"

दिली असती. पलीकडून चपलांचा आवाज येत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काका, बसा ना जरा."

"आज चार पानं बसून वाचली," ते म्हणाले. "पाचव्याला उठलो."