बुबू वालेसीची चटई

शनिवारी सकाळी वालेसी आमच्या घरी मागच्या दाराने येते, आणि मागचं दार कुणी वाजवत नाही. अळूच्या पानांचा भारा पायरीवर टाकायचा, "बेहनी, चहा" एवढंच म्हणायचं आणि तिथेच बसून देठ सोलायला घ्यायचे. आमच्या बेटावरच्या या लबासा गावाच्या बाजारातल्या तिच्या गाळ्यावर शनिवारी भाची बसते. मी त्या पानांच्या वड्या करते, ती नारळाच्या दुधात शिजवते. चांगली पानं दुसरीने वाया घालवली, असं आम्हा दोघींचंही ठाम मत आहे.

त्या शनिवारी मी पोळ्या लाटत होते, हे न्हाणीघरात दाढी करत होते, आणि पुढच्या दारावर टकटक झाली.

वालेसीचा हात थांबला. "मी इथे नाही," ती म्हणाली.

"कोण आहे ते तरी बघू दे."

"रुसियाते आहे. लहानपणापासून तसाच. आधी विचार करतो, मग दार वाजवतो."

दार उघडलं तर खरंच डॉक्टर रुसियाते. सकाळच्या विमानाने राजधानीतून, सुव्याहून आलेला, इस्त्रीचा सुलु लुंगीसारखा नेसलेला, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची मुळं. त्या मुळांचं पेय इथे मानाचं समजतात. माणूस अशी मुळं घेऊन येतो तेव्हा काहीतरी मोठं मागायला येतो.

"काकू, बुबू इथे आहे ना? बाजारात विचारलं, घरी विचारलं. सगळे म्हणाले काकूंकडे तर मुळीच नाही. म्हणजे इथेच असणार."

वालेसीला घरचे वालेसी म्हणतात, पण टेकडीवरच्या मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेला प्रत्येक डॉक्टर तिला बुबू म्हणतो. आजी. लहानपणी तिचा घसा धरला, सांधे सुजले, ताप आला आणि उतरला. सगळे विसरले. तापाने मात्र हृदयाची एक झडप आखडून ठेवली होती, आणि दर वर्षी ती थोडी आणखी मिटत गेली. आता बसथांब्यापासून आमच्या पायरीपर्यंत येताना वाटेत तिला बसावं लागतं. भारा भाची पायरीपर्यंत आणून देते आणि मग गाळ्यावर जाते.

यावर उपाय आहे. वर्षातून एकदा बाहेरून डॉक्टर सुव्याला येतात, मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्याने ती झडप मोकळी करतात. छाती कापावी लागत नाही. दोन वर्षं वालेसीचं नाव लागलं होतं. दोन्ही वर्षं तिने हसून "हो, येते की" म्हटलं आणि त्या दिवशी बहिणीच्या गावी निघून गेली. इथे कुणाला तोंडावर नाही म्हणवत नाही. हो म्हणतात आणि जात नाहीत. ते डॉक्टर परवा पुन्हा यायचे होते. आणखी एक वर्ष तिचं हृदय टिकेल असं रुसियातेला वाटत नव्हतं.

कॉलेज सुरू झालं तेव्हा आम्ही इथे नवे होतो. हे शिकवायला आले ते कॉलेज म्हणजे इस्पितळामागच्या नर्सांच्या जुन्या बराकीतल्या दोन खोल्या. वर पत्रा, पाऊस आला की शिकवणं बंद, कारण ऐकूच येत नसे. पहिल्या तुकडीतली पोरं एका बाकावर मावतील एवढीच, आणि सांगाडा सुव्याहून उसना आणलेला. लोक म्हणत, या बराकीतून डॉक्टर निघणार? आधी दाराची कडी तरी नीट लावा.

हृदय शिकवायला टास्मानियाचे डॉक्टर हॅलोरन होते. त्यांनी वालेसीची छाती ऐकली आणि विचारलं, मुलांना ऐकू देशील का? ती "हो" म्हणाली, आणि त्या वेळी खरोखरच आली. हॅलोरननी तिला उंच लोखंडी टेबलावर डाव्या कुशीवर निजवलं. आखडलेल्या झडपेचा आवाज त्या कुशीवरच नीट ऐकू येतो. मग म्हणाले, चला, एकेक जण या.

आणि एकही मूल उभं राहीना. निजलेल्या मोठ्या बाईच्या डोक्याशी उभं राहायचं, तिच्यावरून हात न्यायचा, हे इथलं पोर करणार नाही. जो तो टेबलाशी उकिडवा बसला, मान खाली घातली आणि स्टेथोस्कोपच्या नळीचं टोक हाताने वर ढकललं. ते कधी खांद्याला लागलं, कधी कोपराला. हॅलोरन विचारत, "आलं ऐकू?" पोरगं म्हणे, "हो सर." "कसं आहे?" "छान आहे सर." सगळ्यांना छानच ऐकू आलं. हॅलोरननी शेवटी डोक्याला हात लावला.

वालेसीला त्या पोरांच्या मानांची दया आली. ती टेबलावरून उतरली, बाजारात बसायला आणलेली स्वतःची चटई जमिनीवर पसरली आणि पुन्हा डाव्या कुशीवर निजली, दुपारी घरी निजते तशी. "या रे, बसा सगळे. आता काय माझ्या डोक्यावर चढताय?"

सगळे भोवती मांडी घालून बसले. रुसियाते पहिला. "तुलो, बुबू," म्हणजे स्पर्शाची परवानगी दे, असं म्हणून त्याने नळी टेकवली. हे त्या दिवशी तिथे होते. सांगतात की पोराचा चेहरा असा झाला, जणू भिंतीपलीकडून कुणी त्याला नावाने हाक मारली. "गाडी येतेय," तो म्हणाला, "उसाची गाडी. लांबून, रुळावरून." हॅलोरन हसत सुटले आणि स्वतःच चटईवर बसले. "मला हे आधीच सुचायला हवं होतं," म्हणाले.

आज त्या बराकीच्या जागी तीन मजले आहेत. सॉलोमनची, किरिबातीची, वानुआतूची मुलं शिकायला येतात. बाक पुरत नाहीत. इस्पितळातले अर्ध्याहून जास्त डॉक्टर आमच्याच कॉलेजचे. आमच्या दाराची कडी अजून नीट लागत नाही, ती गोष्ट वेगळी. पण तिसऱ्या मजल्यावर, गुळगुळीत फरशीवर, दर वर्षी हृदयाचा पहिला धडा चटईवर होतो. त्यासाठी वालेसी निळा जाबा, म्हणजे सणासुदीचा लांब झगा, घालते, केसांत फूल खोवते आणि अशी निजते की जणू राणी दरबार भरवतेय.

रुसियाते स्वयंपाकघरात आला आणि ती पायरीवर होती म्हणून खाली फरशीवर बसला. मुळांची जुडी समोर धरून बोलू लागला, तशी ती म्हणाली, "थांब. हे घ्यायला माझ्या बाजूने पुरुष हवा. माझ्या घरचा कुणी इथे नाही. म्हणजे जमत नाही. चहा पी आणि जा."

"सर आहेत की," रुसियाते म्हणाला.

"मास्टर दाढी करतोय."

हे एका गालावर फेस घेऊनच बाहेर आले. "काय, कोण आलंय? अरे रुसि! हे काय आणलंस?" म्हणत यांनी हात पुढे केला आणि जुडी घेतली. वर, इतक्या वर्षांची सवय, ओंजळ पोकळ करून टाळ्याही वाजवल्या.

मुळं घेतली, टाळ्या वाजल्या, म्हणजे मागणं मान्य झालं. आता माघार नाही.

"बेहनी," वालेसी माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या नवऱ्याने मला फेसासकट विमानात बसवलं."

"मी काय केलं?" हे म्हणाले.

"काही नाही मास्टर. जा, दुसरा गाल कर."

रुसियाते हसला नाही. "बुबू, दोन वर्षं मला हो म्हणालीस."

"तूही पहिल्या दिवशी 'छान आहे सर' म्हणालास. ऐकलं होतंस का काही?"

"नाही."

"मग? फिटलं."

"घाबरतेस का?"

"मी? दोन बाळंतपणं या हृदयावर काढली, तेव्हा तू शाळेत नाक पुसत होतास." तिने एक देठ सोलला, दुसरा उचलला. "आपल्या कॉलेजच्या डॉक्टर सेराने फोन केला होता ना तुला, त्या टोकाच्या बेटावरून? काय म्हणाली ते सांग. बेहनीला सांग."

रुसियातेने माझ्याकडे पाहिलं. "शाळेतल्या मुलांना तपासत होती, काकू. तिथे ना यंत्र, ना मोठा डॉक्टर. म्हणाली, आज एका मुलीच्या छातीत मला बुबू ऐकू आली. ती मुलगी आता औषधावर आहे. वेळेत सापडली."

"आणि तू ती झडप मोकळी केलीस," वालेसी म्हणाली, "की ही गाडी जाईल ना?"

"आवाज बराच कमी होईल."

"तेच म्हणते मी."

तेव्हा माझ्या हातातलं लाटणं थांबलं. दोन वर्षं आम्ही सगळे तिची समजूत काढत होतो, फुगा दुखत नाही, विमान पडत नाही, आणि तिला भलतीच काळजी होती.

"कॉलेजात आता रबराची छाती आहे, बुबू," रुसियाते हळूच म्हणाला. "कळ दाबली की हवा तो आवाज येतो."

"ऐकलीय मी. आवाज चांगला आहे. पण तिला कुणी तुलो म्हणत नाही. पोरं तिच्यावर कोपर टेकून गप्पा मारतात."

यावर तो हसला. मग गंभीर झाला आणि सरकून तिच्या पायरीशी आला. "पुढच्या पोरांना शिकवायला बुबूच हवी, छातीत आवाज असो की नसो. माणसाला हात कसा लावायचा हे तुझ्याशिवाय कोण शिकवणार? आणि आजवर फुगा बाहेरून आलेल्यांच्या हातात असायचा. यंदा माझ्या हातात आहे. ते बाजूला उभे राहणार, बघणार. तुझी गाडी कुठे अडते ते माझ्याइतकं कुणाला माहीत?"

वालेसीने पानं बाजूला ठेवली. तिने त्याच्या हातांकडे बघितलं. मग मला म्हणाली, "बघितलंस, बेहनी? बराकीतला हा पोरगा. ते बाजूला उभे राहणार म्हणे." आणि तिचा चेहरा असा फुलला की मला तव्यावरच्या पोळीचं भानच राहिलं नाही, ती करपली.

तिने पदरासारखं खांद्यावर टाकलेलं फडकं घेऊन हात पुसले.

"सोमवारी येते," ती म्हणाली. "मुळं घेतलीत, म्हणजे येणारच. आता माझं एक मागणं. यंदाच्या मुलांनी मला अजून ऐकलेलं नाही. उद्या चर्चनंतर त्या सगळ्यांना चटईवर बोलाव."