सासरा गुराखी होता

१९७९च्या जूनमधला सोमवार. घराच्या कागदांची नक्कल घ्यायला मी नागपूरच्या कचेरीत रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक गोंड बाई होती, माझ्याच वयाची, कोपरापर्यंत गोंदलेली. तिच्या मुलीला नर्सिंगला राखीव जागा मिळाली होती. आदिवासी असल्याचा दाखला शुक्रवारपर्यंत दिला नाही, तर ती जागा जाणार होती.

बाबूने तिच्या गावचं जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर उघडलं. "तुझ्या सासऱ्याच्या जातीपुढे गुराखी लिहिलंय. गोंड कुठाय?"

"कोतवालानं काम लिवलं जी, जात नाही. सारं गाव त्याले गुराखीच म्हने."

"मग पुरावा काय?"

तिने पदर खोचला. "आमी सात देवांचे गोंड. सात देववाल्याच्या घरी पोरगी देत नाही, ते भाऊ लागतात. तुमाले कागदच पाहिजे, अन् कागद तं तुमच्याच मानसानं बिघडवला."

"दाखला मिळणार नाही," म्हणत बाबूने रजिस्टर मिटलं. ती माझ्याकडे वळली. "सासऱ्यानं गुरं राखली नसती, तं त्याले बिनजातीचा लिवला असता का वं बाई?"

माझं डोकं तापलं. माझ्या मुलांच्या शाळेत मी जात तोंडी सांगितली होती आणि तशीच उतरवली गेली होती. माझा सासरा कोण, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही.

लेखी नकार मिळाला तर वरच्या साहेबाकडे दाद मागता येते, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडली, तेव्हा आम्ही दोघी खिडकीशी होतो. "काल हिला नाही म्हणालात," मी बाबूला म्हटलं, "ते सहीनिशी लिहून द्या."