पाठवणीची धून

बँडमास्तर चाचा क्लारनेटची पत्ती जिभेवर भिजत ठेवूनच बोलायचे. निम्मे शब्द तोंडातच राहायचे आणि समोरच्याला अंदाजाने हो म्हणावं लागायचं. बँड त्यांचा परळीचा, पण आमच्या तेलगावच्या लग्नांनाही तेच यायचे. नवरी गाडीत बसली की बाकीची वाद्यं थांबवून ते एकटेच एक धून वाजवत. ती त्यांनी स्वतः बांधलेली, कुठेही न लिहिलेली. माझ्या ताईच्या पाठवणीला मी रडायचं विसरून ती ऐकत उभी राहिले होते.

पुढे पुण्यात संगीतरचनेत एम. ए. करताना प्रबंधासाठी मी तीच धून घेतली. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "ध्वनिमुद्रण आण. त्याशिवाय प्रकरण उभं राहायचं नाही."

मी रेकॉर्डर घेऊन गेले, तेव्हा चाचांनी बँड सोडून दोन वर्षं झाली होती. चाचींनी मला दारातच बाजूला घेतलं. "डॉक्टरनं फुंकायचं बंद केलंय बेटा. छाती लई खराब हाय. ते माझं ऐकत न्हाईत, तूच नको म्हण." मी मान हलवली. पण आत चाचा बँडचा जुना लाल कोट घालून तयार बसले होते. माझ्या तोंडून 'नको' निघालं नाही. खरं सांगायचं तर मला ती धून हवी होती.

पहिली ओळ थेट ताईच्या लग्नातली आली. दुसऱ्या ओळीत श्वास तुटला, तरी ते थांबेनात. मानेच्या शिरा ताठल्या, ओठ निळसर झाले. सुरामागून बारीक शिट्टी येऊ लागली. ती क्लारनेटची नव्हती, छातीची होती. हेडफोनमुळे ती अगदी माझ्या कानात वाजत होती. हा माणूस माझ्यासमोर, माझ्यासाठी मरतोय, एवढंच डोक्यात होतं. मी रेकॉर्डर बंद केला. लगेच केला, असं मला तेव्हा वाटलं.

"कावून बंद केलंस?" चाचांनी धापा टाकत विचारलं.

"भीती वाटतीय चाचा."

"घाबरट हाईस," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या दिवशी निरोप घ्यायला गेले, तर म्हणाले, "बस. कागद काढ." क्लारनेट मांडीवर आडवं धरून ते न फुंकता नुसत्या चाव्या दाबू लागले. खट्, खट् आवाज व्हायचा. बोटं पाहून मी सूर गायचे, चुकले की ते मान हलवायचे, जमलं की मी लिहून घ्यायचे. चार दिवस असं चाललं. त्यांना खोकल्याची उबळ आली की मी वही मिटून दाराकडे बघायचे, चाचींना हाक मारावी का म्हणून. "लिही गं," ते म्हणायचे, "येवढ्यात न्हाई जात."

तोंडी परीक्षेत ध्वनिमुद्रण का नाही, असं विचारलं गेलं. वाजवणाऱ्याची तब्येत बरी नव्हती, असं मी सांगितलं. गुण बेताचेच पडले.

प्रबंधाची प्रत द्यायला गेले, तेव्हा चाचा अंथरुणाला खिळले होते. स्वरलिपीच्या पानावरून त्यांनी दोनदा हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "त्या दिवशी मी लई घाबरलो होतो बेटा. दम सरला होता. पर तू पुण्याहून आलेली, तुझ्यासमोर थांबायची लाज वाटली. तू कवा बंद करतीस, याचीच वाट बघत होतो."

पंधरा दिवसांनी ते गेले.

त्या दिवशीचं ते अर्धवट ध्वनिमुद्रण माझ्याजवळ आहे. ती दुसरी ओळ मी किती वेळ चालू दिली, ते त्यात कळेल. लावून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.