पापडावरून निषेध खलिता

दोन देशांमधलं भांडण कसं मिटवायचं, हे मला नीट ठाऊक आहे. दोन जावांमधलं सोडून काहीही विचारा.

त्याचं असं झालं, एका प्रकाशकानं मला परराष्ट्र व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय कायद्याच्या शब्दांचा कोश मराठीत आणायला दिला. नेरळच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन महिने मी तह, करार आणि निषेध खलिते यांतच राहिलो. तिसऱ्या महिन्यात मी स्वतःला राजदूत समजू लागलो, यात माझा काय दोष? (आईच्या मते, सगळा.)

नेमकं तेव्हाच आई आणि जवळच्या पोशीर गावची काकू यांचं बोलणं बंद झालं. कारण गंभीर होतं. आईच्या तांदळाच्या पापडांना काकू चारचौघींत 'जाड' म्हणाली होती! आणि आठ दिवसांवर काकूच्या दिनेशचं लग्न. त्याला लहानपणी आईनंच अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"तिनं दारात येऊन बोलावल्याबिगर मी जायाची नाय," आई म्हणाली. पण दिनेशसाठी घेतलेलं आहेराचं कापड दिवसातून तीनदा कपाटातून काढायची, हात फिरवून परत ठेवायची. मला ते बघवेना.

"आई, मी मध्यस्थी करतो."

"तू नको रं बाबा!"

धोक्याचा इशारा इतक्या स्पष्ट शब्दांत फार थोड्या मुत्सद्द्यांना मिळतो. मी तो धुडकावला आणि दिनेशच्या मोबाइलवर काकूसाठी 'मौखिक टिपण' पाठवलं. (हे लेखी असतं. तरी मौखिक म्हणायचं. मोठ्या लोकांना कोण विचारणार!)

'पापडप्रकरणी तीव्र निषेध नोंदवण्यात येत आहे. आपण बिनशर्त माघार न घेतल्यास आपणांस अवांछित व्यक्ती घोषित करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. आपल्याविषयीचा अत्युच्च आदर पुनश्च व्यक्त करण्याची संधी आम्ही साधत आहोत.'

दहा मिनिटांत दिनेशचा फोन.

"दादा, आईला वाचून दाखवलं. पन तिनं अर्धंच ऐकलं."

"कुठपर्यंत?"

"अवांछितपर्यंत. मंजे काय इचारलं तिनं. मी सांगितलं, नको असलेली बाई."

"अरे गाढवा, पुढे आदर होता!"

"आदर ऐकाया ती थांबली नाय. रिक्षात बसली."

अर्ध्या तासात काकू दारात! डोळे लाल, पदर खोचलेला.

"अक्का, मी नकोशी झाली तुमाला?"

"कोन म्हनला असं?" आई गडबडली.

दोघींनी मला तो मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. कोशात चांगला भारदस्त वाटणारा 'बिनशर्त' हा शब्द स्वयंपाकघरात फार वाईट ऐकू येतो.

मी थांबलो. मग आई हळूच म्हणाली, "औंदाचं पापड जाडच झालं व्हतं गं."

"माझीच जीभ मेली फटकळ!" काकूला हुंदका फुटला. "तुमी नाय आला, तर दिन्याला हळद कोन लावंल?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. काकू दारात आली होती, अट पुरी झाली होती. श्रेय घ्यायला मी घसा खाकरला.

"काकू, ही आंतरराष्ट्रीय भाषा..."

"गप बस!" दोघी एकदम ओरडल्या. त्यांचं हे पहिलं संयुक्त निवेदन.

लग्नात मला मुद्दाम तोंड बंद राहील असं काम देण्यात आलं. भर उन्हात गाड्या लावून घेत मी शिट्टी फुंकत होतो. मांडवात आई आणि काकू एकाच सोफ्यावर खेटून बसल्या होत्या. काकू नव्या विहीणबाईंना माझ्याकडे बोट करून कौतुकानं सांगत होती, "तो शिट्टीवाला दिसतोय नं, तो आमच्या घरातला सगळ्यात शिकलेला!"